दहा ग्रॅमची बरणी

माझी भाची नेरूळच्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका रविवारी ती आमच्या नौपाड्यातल्या घरी आली ती कापडी पिशवीत सिमेंटचे तुकडे घेऊनच. चहाला नको म्हणाली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तुकडे दोन रांगांत मांडले. "मावशी, कार्बन नॅनोट्यूब पोलादाच्या शंभरपट मजबूत असते ना गं? मग ज्या क्यूबमध्ये मी ती घातली, तेच आधी का फुटले?"

प्रोजेक्टसाठी तिने ऑनलाइन दहा ग्रॅम नॅनोट्यूब मागवल्या होत्या. ७०.६ मिलिमीटरचे मॉर्टरचे, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचे क्यूब, निम्मे साधे आणि निम्मे नॅनोट्यूब घातलेले. २८ दिवस पाण्यात ठेवून ते मशीनखाली दाबले. साधे क्यूब जिंकले.

मी रबाळे एमआयडीसीत मास्टरबॅच बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. मास्टरबॅच म्हणजे रंग किंवा दुसरा एखादा गुण देणारा पदार्थ ज्यात गच्च भरलेला असतो असा प्लास्टिकचा दाणा. मोठ्या मालात तो थोडासा मिसळायचा. काळ्या दाण्यात बहुतेक वेळा कार्बन ब्लॅक असतो, पण गेली काही वर्षं आम्ही नॅनोट्यूबचाही दाणा करतो. त्यामुळे भाचीचा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. तिची शंभरपटीची गोष्ट खोटी नाही आणि तिचे क्यूबही खोटे नाहीत. एका नळीचा गुण आणि बरणीतल्या पावडरीचा गुण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मधलं अंतर कापण्यातच या विषयातलं बरंचसं संशोधन खर्च होतं. त्या दुपारी तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी नळी. समईच्या ज्योतीवर वाटी धरून काजळ पाडतात ते कार्बनच. पेन्सिलीतलं ग्राफाइटही कार्बनच. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे, आणि असे पातळ पदर एकावर एक रचलेले असतात. त्यातला एकच पदर घेऊन त्याची गुंडाळी केली आणि कडेला कड बेमालूम जुळली, की झाली कार्बन नॅनोट्यूब. एकच पदर असेल तर एकपदरी. एकात एक अशा अनेक नळ्या असतील तर बहुपदरी, आणि त्यांच्या दोन पदरांत साधारण ०.३४ नॅनोमीटरची फट असते. एकपदरी नळीची जाडी १ ते २ नॅनोमीटर, बाजारातल्या बहुपदरीची साधारण १० नॅनोमीटर. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या आठ हजाराव्या हिश्शाइतकी.

नुसती जाडी सांगून भागत नाही, लांबीचं तिच्याशी असलेलं प्रमाण महत्त्वाचं. दहा नॅनोमीटर जाडीची कारखान्यातली नळी सरासरी दीड मायक्रॉन, म्हणजे दीड हजार नॅनोमीटर लांब असते. ती पेन्सिलीएवढी जाड केली, तर लांबी मीटरभर होईल. पुढे सगळं या लांबुडकेपणावरच येणार आहे.

सोव्हिएत संशोधक रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी अशा पोकळ कार्बन नळ्यांची चित्रं १९५२ सालीच छापली होती, पण ती रशियन नियतकालिकात आली आणि बाहेर फारशी कुणाच्या नजरेला पडली नाहीत. १९९१ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीतले सुमिओ इजिमा यांनी बहुपदरी नळ्यांची रचना नीट उलगडून दाखवली आणि जगभरच्या लॅब या विषयामागे लागल्या. १९९३ मध्ये इजिमांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत आयबीएमच्या गटाने एकपदरी नळी केली.

आणि शंभरपट? २००० साली अमेरिकेतल्या रॉडनी रुऑफ यांच्या गटाने सुट्या बहुपदरी नळ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन टोकांना धरून ताणल्या. आधी बाहेरचा पदर तुटायचा आणि आतले पदर म्यानातून तलवार निघावी तसे सरकत बाहेर यायचे. बाहेरच्या पदराची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली. आपल्या बांधकामातली एफई ५०० सळई ०.५ गिगापास्कलला ताणू लागते. ६३ ला ०.५ ने भागा, शंभराच्या वर जातं. आकडा खरा आहे. पण तो एकेका सुट्या नळीचा, तिच्या एका पदराचा आहे, आणि त्याच प्रयोगात दुसऱ्या नळीला ११ च भरले होते हे कुणी सांगत नाही. बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठात तर २०१८ मध्ये सेंटिमीटरभर लांबीच्या, जवळजवळ निर्दोष नळ्यांच्या जुडग्याने ८० गिगापास्कलचा टप्पा ओलांडला. त्या नळ्या जपून, निवडून वाढवलेल्या होत्या. त्या बरणीत भरून मिळत नाहीत.

बरणीत जे मिळतं ते कसं बनतं, हे भाचीला माहीत नव्हतं. मला वाटतं, वापरणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ॲल्युमिनासारख्या पदार्थाच्या बारीक कणांवर लोखंड किंवा कोबाल्टचे नॅनोमीटरमधले ठिपके बसवतात. हे कण उभ्या भट्टीत वायूच्या झोतावर उकळत्या आमटीसारखे खदखदत ठेवतात आणि ६०० ते ९०० अंश सेल्सियसला त्यांवर इथिलिनसारखा वायू सोडतात. वायू फुटतो, त्यातला कार्बन धातूच्या ठिपक्यात मुरतो आणि मावेनासा झाला की नळी होऊन बाहेर वाढू लागतो. ठिपका जेवढा, नळी साधारण तेवढी जाड. एकेका कणावर अशा असंख्य नळ्या एकाच वेळी वाढतात आणि वाढतानाच एकमेकींत गुंततात. मायक्रोस्कोपखाली ते चिमणीच्या घरट्यासारखं दिसतं. भट्टीतून जी काळी, हलकी पावडर निघते तिचा एकेक कण म्हणजे असं एक घरटं. भाचीने सुट्या नळ्या विकत घेतल्याच नव्हत्या, तिने घरटी विकत घेतली होती.

घरट्याच्या आत ज्यावर ती नळी वाढली ते ॲल्युमिना आणि तो धातूही राहून जातो. बेल्जियमच्या नॅनोसिल कंपनीचा एनसी ७००० हा माल संशोधनात फार वापरला जातो. त्याच्या माहितीपत्रकात कार्बन ९० टक्के आणि बाकी १० टक्के धातूंचे ऑक्साइड, असं सरळ लिहिलेलं असतं. यात फसवणूक काहीच नाही. ॲसिडने धुऊन आणखी शुद्ध करता येतं, पण त्याने किंमत वाढते आणि नळीच्या भिंतीला इजाही होते. प्लास्टिकच्या ट्रेसाठी ९० टक्के पुष्कळ झाले. बॅटरीसाठी मात्र लोखंडाचा अंशही नको असतो. म्हणून 'शुद्ध' शब्दापाशी थांबू नये, कशासाठी शुद्ध ते विचारावं.

तपासायची रीत अवघड नाही. थोडी पावडर हवेत तापवत न्यायची आणि वजन बघत राहायचं. याला टीजीए म्हणतात. कार्बन जळून जातो, उरते ती राख, आणि त्या राखेत धातू. दुसरी चाचणी रामन. लेझरचा उजेड टाकून परत येणाऱ्या उजेडाचा रंग किती सरकला ते बघतात. आलेखात १५८० (दर सेंटिमीटर या एककात) च्या आसपासचं शिखर नीट षटकोनी जाळीचं आणि १३५० च्या आसपासचं जाळीतल्या दोषांचं. दुसरं शिखर उंच असेल तर नळीच्या भिंतीला भोकं, वळणं, तुटलेले दुवे पुष्कळ. कारखान्यातल्या बहुपदरी नळ्यांमध्ये ते उंच असतंच. शंभरपट ताकद इथेच पहिल्यांदा गळते, कारण ओढताना नळी तिच्या सगळ्यात कच्च्या जागी तुटते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नळ्या वाढवायला पेट्रोलियमचाच वायू लागतो असं नाही. आयआयटी मुंबईत प्रा. महेश्वर शरण यांच्या गटाने कापूर वापरला. आरतीला जाळतो तोच कापूर. १९९४ मध्ये त्यांनी कापरापासून फुलरीन म्हणजे कार्बनचे चेंडूसारखे रेणू केल्याचं प्रसिद्ध केलं आणि पुढे कापरापासूनच नळ्याही केल्या. नंतर जपानच्या नागोयात मुकुल कुमार आणि योशिनोरी अँडो यांनी ते काम बरंच पुढे नेलं. पवई आमच्या ठाण्यापासून किती जवळ, पण मला हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. भाचीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले.

मग लॅबमध्ये हव्या तशा नितळ नळ्या वाढवता येत असताना संशोधक कारखान्याची पावडर का घेतात? स्वस्त आणि भरपूर मिळते हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं, की पुण्यातला, ब्राझीलमधला आणि जर्मनीतला संशोधक एकच माल वापरत असतील तर त्यांचे निकाल एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. प्रत्येकाने आपापल्या भट्टीत नळी वाढवली तर फरक मिसळण्याच्या रीतीमुळे पडला की नळीमुळे, हे कधीच कळत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने तर एकपदरी नळ्यांचा प्रमाणित नमुनाच उपलब्ध करून दिला.

याची दुसरी बाजूही आहे. जर्मनीच्या बायरने 'बायट्यूब्ज' नावाने नळ्या काढल्या होत्या आणि त्यांवर ढीगभर निबंध लिहिले गेले. २०१३ मध्ये बायरने ते काम बंद केलं. निबंध राहिले, माल गेला. आज कुणाला तो प्रयोग हुबेहूब पुन्हा करायचा असेल तर कपाटात जुना डबा उरला आहे का हे शोधावं लागतं. म्हणून आमच्या लॅबमध्ये मी हट्टाने वहीत कंपनीचं नाव, मालाचा क्रमांक आणि लॉट नंबर, तिन्ही लिहून ठेवते. भाचीच्या वहीत नुसतं 'सीएनटी' होतं.

आता मिसळण्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा.

प्लास्टिक वीज नेत नाही. त्यामुळे त्यावर स्थिर वीज साठते, आणि इलेक्ट्रॉनिक भागांचे ट्रे किंवा सॉल्व्हंटचे पिंप असतील तर ती धोक्याची असते. उपाय म्हणून प्लास्टिकमध्ये कार्बन घालतात. कार्बन ब्लॅकचे कण ढोबळमानाने गोल. ते एकमेकांना टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार व्हायची तर १५ ते २० टक्के घालावे लागतात, आणि एवढं भरलं की प्लास्टिक ठिसूळ होतं. नॅनोट्यूब घातल्या तर एक टक्क्याच्या आतच वाट जुळू शकते. रोजच्या उत्पादनात सुरक्षित बाजूला राहायला दोन ते चार टक्के घालतात.

असं का, हे खिरीवरून बघा. पातेल्यात साबुदाणे टाकले आणि प्रत्येक दाणा दुसऱ्याला टेकून काठापासून काठापर्यंत साखळी व्हावी असं म्हटलं, तर दाणे पुष्कळच घालावे लागतील. त्याच पातेल्यात मूठभर लांब शेवया टाकल्या तर त्या आडव्यातिडव्या पडून एकमेकींना स्पर्श करत सगळीकडे पोचतात. शेवई जितकी लांब आणि बारीक, तितकी कमी लागते. आणि ही नळी किती बारीक म्हणाल? दहा नॅनोमीटर जाडीच्या, एका ग्रॅममधल्या सगळ्या नळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर माझ्या ढोबळ हिशेबाने ८० लाख किलोमीटर भरतात, चंद्राच्या अंतराच्या वीसपट. भाचीची दहा ग्रॅमची बरणी सूर्याच्या निम्म्या वाटेपर्यंत पोचेल.

पण शेवया गोळा होऊन तळाला बसल्या तर खीर वर पाणीच राहते. नळ्या अतिशय बारीक आणि पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. सोडवायला जोर लावावा लागतो. आमच्याकडे ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर वितळलेल्या प्लास्टिकमध्ये त्यांना घासून, पिळून सुट्या करतो. जोर कमी पडला तर घरटी तशीच राहतात. जास्त झाला तर नळ्या तुटून आखूड होतात, शेवयांचा चुरा होतो आणि पुन्हा वाट जुळत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा अरुंद आहे. ती प्रत्येक प्लास्टिकसाठी वेगळी असते आणि कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

आमच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक ऑर्डर मला अजून आठवते. एका गिऱ्हाइकाला पॉलिप्रॉपिलिनचे अँटिस्टॅटिक ट्रे हवे होते. आम्ही लॅबच्या प्रेसवर चकत्या करून बघितल्या, वीज छान वाहत होती. माल पाठवला. आठवड्याने फोन आला की ट्रे बिलकुल वीज नेत नाहीत. मी रात्रभर विचार केला, सकाळी तोच दाणा पुन्हा तपासला. दाणा ठीक होता. मग त्यांच्या मोल्डिंग मशीनपाशी जाऊन उभी राहिले तेव्हा उलगडलं. प्रेसमध्ये प्लास्टिक सावकाश दबतं आणि नळ्या आडव्यातिडव्या राहतात. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये तेच प्लास्टिक जोरात साच्यात घुसतं, नळ्या प्रवाहाच्या दिशेने एका ओळीत झोपतात आणि पृष्ठभागाजवळचं जाळं मोडतं. इंजेक्शनचा वेग कमी केला, वितळण्याचं तापमान वाढवलं, आणि त्याच दाण्याचे ट्रे वीज नेऊ लागले. एक ग्रॅमही नॅनोट्यूब वाढवली नाही. तेव्हापासून मी चकतीचा आकडा कुणाला देताना ती कशी दाबली तेही सांगते.

आता भाचीचे तुकडे. मी तिला आधी एकच विचारलं, फोडण्याआधी क्यूबची वजनं घेतली होतीस का? पोरगी व्यवस्थित आहे, घेतली होती. साधे क्यूब ७८० ग्रॅमच्या आसपास, नॅनोट्यूबचे ७२०. माप तेच आणि वजन साठ ग्रॅमने कमी, याचा अर्थ आत हवा. तुटलेल्या बाजूवर भिंग धरलं तर साबणाच्या फेसासारखी बारीक भोकं स्पष्ट दिसत होती. आणि साबणच होता. नळ्या पाण्यात मिसळत नाहीत म्हणून कुणीतरी सुचवल्यावरून तिने एसडीएस वापरलं होतं, म्हणजे साबणा-शॅम्पूत असतं तसं फेसाळ रसायन. नुसत्या पाण्यात नळ्या सुट्या करायला ते उत्तम. सिमेंटमध्ये ते ढवळताना हवा पकडून ठेवतं.

दुसरी गोष्ट प्रमाण. तिने सिमेंटच्या अर्धा टक्का नॅनोट्यूब घातली होती, एका क्यूबच्या २०० ग्रॅम सिमेंटला एक ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अशा पावडरीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग २५० ते ३०० चौरस मीटर असतो, म्हणजे ठाण्यातल्या पाचशे स्क्वेअर फुटांच्या सहाएक फ्लॅटची जमीन. तेवढी जागा ओली करायला पाणी लागतं, ते सिमेंटचं पाणी जातं. मिश्रण घट्ट होतं, नीट ठोकून बसत नाही, आणि न सुटलेली घरटी आत कमकुवत गाठी होऊन राहतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सुरेंद्र शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जे चांगले निकाल दाखवले, ते ०.१ टक्क्याच्याही आतल्या प्रमाणात आणि अल्ट्रासाउंडने नळ्या नीट सुट्या करून. तेही वाकवण्याच्या ताकदीत टक्क्यांत मोजण्याइतकी वाढ, शंभरपट बिंपट नाही. सिमेंटमध्ये नळीचं काम फार लहान जागी चालतं. चीर नॅनोमीटरमध्ये असताना तिच्यावर टाका घालायचा, ती मोठी व्हायला उशीर लावायचा. सळईची जागा ती घेणार नाही आणि तिने घ्यावी अशी अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे.

"म्हणजे प्रोजेक्ट बाद?" तिने विचारलं. मी म्हटलं, ताकदीचा नाद सोड, वीज बघ.

नळ्यांचं जाळं सिमेंटमध्ये जुळलं की सिमेंट स्वतःच वीज नेऊ लागतं. ते दाबलं की नळ्या जवळ येतात आणि विरोध घटतो. ताण आला, चीर गेली की वाढतो. म्हणजे काँक्रीटचा तुकडाच मोजयंत्र झाला. याचं महत्त्व ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं समजवावं लागू नये. सत्तरच्या दशकात झालेल्या पहिल्या खाडीपुलाच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या, त्याच्यावरची वाहतूक कमी करावी लागली आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला. काँक्रीटच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, खाऱ्या हवेत तर नाहीच. आतूनच खबर देणारं काँक्रीट आज संशोधनातच जास्त आहे, पुलांवर फारसं नाही. पण दहा ग्रॅममध्ये करून बघण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

बाकीच्या दोन क्षेत्रांबद्दल थोडक्यात. सध्या सर्वाधिक मागणी लिथियम-आयन बॅटरीतून येते. तिच्या धन टोकातली पावडर वीज नीट नेत नाही, म्हणून कार्बन घालावा लागतो, आणि घातलेला कार्बन स्वतः वीज साठवत नाही, म्हणजे तो फुकटचं ओझं. नॅनोट्यूब थोडीशी पुरते, उरलेली जागा कामाच्या पावडरीला मिळते. ऋण टोकात सिलिकॉन घालायचा तर तो चार्ज होताना तिपटी-चौपटीने फुगतो आणि सगळी घडी विस्कटते. तिथे लांब, लवचीक नळ्या तुकड्यांना धरून ठेवतात. पुन्हा तेच शेवयांचं जाळं.

दुसरं क्षेत्र चिपचं. षटकोनी जाळीचा तो पदर सरळ गुंडाळला की तिरका, यावर नळीचा स्वभाव ठरतो. साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि बाकीच्या सिलिकॉनसारख्या अर्धवाहक होतात. ट्रान्झिस्टरला अर्धवाहकच हव्या, आणि भट्टीतून तर मिसळूनच येतात. त्या निवडून वेगळ्या कराव्या लागतात. २०१९ मध्ये एमआयटीच्या गटाने १४ हजारांहून जास्त नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर असलेला १६ बिटचा प्रोसेसर केला. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की हिशेबाने लागणारी शुद्धता मिळणं अशक्यप्राय होतं. बाजारात ९९.९९ टक्के निवडलेल्या नळ्या मिळत होत्या, पण लागत होत्या त्या याहून हजारो पट नेटक्या. त्यांनी माल सुधारायची वाट बघितली नाही. धातूसारख्या नळ्या आल्या तरी फार बिघडणार नाही अशा बेताने सर्किटच आखलं. मालाचा दोष ओळखून त्याच्याभोवती काम करणं हेच आम्हीही रबाळ्यात करतो, त्यामुळे ती बातमी वाचून मला आपलेपणा वाटला.

सुरक्षेबद्दल मी भाचीला त्या दिवशी रागावलेच, कारण बरणी तिने हॉस्टेलच्या टेबलावर उघडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली होती. पावडर इतकी हलकी असते की श्वासाने उडते. २००८ मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की लांब, ताठ बहुपदरी नळ्या पोटाच्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखा परिणाम करतात. आखूड, गुंतलेल्या नळ्यांचा तसा परिणाम दिसला नाही. २०१४ मध्ये कर्करोगावरच्या आयएआरसी या जागतिक संस्थेने एमडब्ल्यूएनटी-७ हा एक विशिष्ट ताठ प्रकार 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातला. बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून वर्गवारी केली नाही. अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेची शिफारस दिली, एका घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, आठ तासांची सरासरी. एवढी थोडी मर्यादा आहे म्हणजे उघड्यावर हाताळायची गोष्टच नाही.

म्हणून फ्यूम हूडमध्येच, म्हणजे आतली हवा ओढून घेणाऱ्या लॅबच्या कपाटातच उघडायची. हातमोजे आणि किमान एन-९५ मास्क. शक्य तितक्या लवकर ओली करायची, कारण ओली पावडर उडत नाही. सांडली तर झाडू मारायचा नाही, ओल्या कापडाने पुसायची. आणि उरलेलं काळं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. आपली गटारं शेवटी खाडीलाच मिळतात, आणि ती खाडी फ्लेमिंगोंची आहे, २०२२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. घातक कचऱ्यासाठी तळोज्याला सामायिक व्यवस्था आहे, कॉलेजच्या लॅबमार्फत तिकडे पाठवता येतं. तयार प्लास्टिकमध्ये किंवा घट्ट झालेल्या क्यूबमध्ये नळ्या बंदिस्त असतात, ते हाताळायला हरकत नाही. कापताना, घासताना मात्र पुन्हा मास्क.

पुढच्या आठवड्यात तिने उरलेल्या पावडरीतली चिमूटभर बंद कुपीत दिली. आमच्या टीजीएवर राख अकरा टक्के निघाली, लेबलवर शुद्धता ९५ लिहिलेली. तिने विक्रेत्याला लॉट नंबर विचारून पत्र लिहिलं. मग नवीन क्यूब घातले. एसडीएसऐवजी काँक्रीटचाच पॉलीकार्बोक्सिलेट सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही मिश्रण सैल ठेवणारं रसायन, पाण्यात घेतला, त्यात नळ्या, भांडं बर्फात ठेवून थोडा-थोडा वेळ अल्ट्रासाउंड. एक थेंब काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली गाठी मोजल्या आणि गाठी कमी व्हायच्या थांबल्या तिथेच तीही थांबली. प्रमाण ०.०८ टक्के, म्हणजे क्यूबला ०.१६ ग्रॅम. ओल्या मॉर्टरमध्ये तांब्याच्या जाळीच्या चार पट्ट्या उभ्या रोवल्या. साच्यातून काढलेले क्यूब तोलले, ७७६ ते ७८२. तिने मला फोटो पाठवला, काट्यावरचा आकडा दिसेल असा.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी रबाळे स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत होते तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, मल्टिमीटर लावलाय. विरोध आपोआप वाढतोय."

"दाबलास का क्यूब?"

"नाही गं, हातसुद्धा लावला नाही."

क्यूब पाण्यातून नुकताच काढलेला होता. ओल्या सिमेंटमध्ये नळ्यांबरोबर पाण्यातले आयनही वीज नेतात. मल्टिमीटरचा एकाच दिशेचा प्रवाह लावला की आयन जाऊन पट्ट्यांपाशी साठतात आणि आकडा चढत राहतो. तो वाढलेला विरोध नळ्यांचा नाहीच. एक क्यूब ओव्हनमध्ये हळू वाळवायचा, बाहेरच्या दोन पट्ट्यांतून उलटसुलट प्रवाह द्यायचा आणि आतल्या दोन पट्ट्यांवर मोजायचं, असं तिला सांगितलं. असं उलटसुलट प्रवाहावर मोजणारा एलसीआर मीटर तिच्या कॉलेजात मिळत नव्हता. आमचा शनिवारी मोकळा असतो, साहेबांना विचारून घेऊन येते म्हटलं. तोवर गाडी आली.